सीताबर्डीचं जुन्या पुस्तकांचं दुकान: वकिलांनी तर जायलाच हवं

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. "भाऊ, खटल्यांवरचं काही आहे का?" विचारलं, तर त्यांनी मागच्या कप्प्यातून मॅज ओबरहोल्ट्झरवरचं इंग्रजी पुस्तक काढून दिलं. विलक्षण बाई! अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या गुप्त संघटनेचा म्होरक्या डी. सी. स्टीफनसन याने मार्च १९२५ मध्ये तिला पळवून नेऊन अत्याचार केले. तिने विष घेतलं; पण मरणाच्या दारात सगळं सांगून जबाबावर सही केली. त्या मृत्युपूर्व जबाबाच्या बळावर तो खुनी ठरला. गव्हर्नर माफी देईना, तेव्हा त्यानेच लाचखोर पुढाऱ्यांची नावं फोडली. तिथली क्लॅन ढासळली. दुकानात भाव वाजवी. कायद्याचा कप्पा मात्र वाढवायला हवा.