दोन महिने अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, पाच महिने त्यांच्याविना

बाबांना गालाचा कॅन्सर झाला. पंचवीस वर्षं खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाल्ला. पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात तो चहासारखा चालतो. ऐन कापूसवेचणीत ऑपरेशन झालं. घरी आल्यावर ओळखीतल्या एकानं अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची डबी आणून दिली. तीत व्हिटॅमिन ई ४०० युनिट, बीटा-कॅरोटीन, सेलेनियम. साठ कॅप्सूलचे २,२०० रुपये. "शेकानं (म्हणजे रेडिएशननं) तोंड जळत नाही," म्हणाला. डॉक्टरांना न विचारता आम्ही सुरू केल्या. ती आमची चूक.

नागपुरात ३३ शेक ठरले, आठवड्यातून पाच. पहिल्या दहा शेकांत बाबा दुधात भाकर कुस्करून खात होते. कॅप्सूलचाच गुण, असं आम्ही धरून चाललो. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी औषधांची पिशवी रिकामी करायला लावली, डबी पाहिली आणि तिथंच बंद केली. चौथ्या दिवशी बाबांचं तोंड आलं. थुंकी गिळवेना. बाबा चिडले, "काहून बंद केल्या? त्याच्यानंच त बरं होतं." त्या रात्री मी डबी पुन्हा हातात घेतली होती.

सकाळी नर्सताईंनी सांगितलं, तोंड येतं ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाहेर बाकावर बसलेल्यांना विचारलं, तर कॅप्सूल न घेणाऱ्यांचंही तेच. म्हणजे पहिले दहा दिवस बरे गेले ते कॅप्सूलमुळे, असं मी तरी म्हणू शकत नाही.

डॉक्टरांनी कारण समजावलं. शेक पेशींमध्ये फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे कण) तयार करतो, त्यानंही कॅन्सरच्या पेशी मरतात. अँटिऑक्सिडंट नेमकं तेच विझवतं. तोंडाची कातडी वाचवताना ते गाठीलाही वाचवू शकतं. नंतर मी स्वतः वाचलं. कॅनडात डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर अभ्यास झाला, २००५ साली छापून आला. त्यातही व्हिटॅमिन ई ४०० युनिट आणि बीटा-कॅरोटीनच होतं. दोन्ही घेणाऱ्यांना शेकाचा तीव्र त्रास खरोखर कमी झाला, पण गोळ्या घेणाऱ्या गटात कॅन्सर त्याच जागी उलटण्याचं प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. वाचून माझे हातपाय गार पडले. गुण आला असता तरी तो कशाच्या बदल्यात?

आम्हाला उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. लिटरभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. दर दोन तासांनी गुळण्या, रात्री जाग आली तरी. जेवणाआधी डॉक्टरांनी दिलेलं तोंड बधिर करणारं औषध. गुरगुट्या भात, मुगाचं वरण, वरून तूप, मऊ उकडलेलं अंडं. तिखट बंद, आणि दारची संत्रीसुद्धा. वजन ५८ वरून ५१ वर आलं होतं, आता ५४ आहे. तोंड अजून कोरडं पडतं, भाकरीच्या घासागणिक पाणी लागतं. खर्रा सुटला.

परवा गावातल्या एका काकूंची केमो सुरू झाली. तोच माणूस त्यांच्याकडे डबी देऊन आला होता. मी जाऊन ती त्यांच्या फाइलच्या पिशवीत ठेवली आणि त्यांच्या मुलाला म्हटलं, उघडू नको, आधी डॉक्टरांना दाखव.