वाढदिवसाचं कार्टूनवालं निमंत्रण: मोबाइलवर, छापून, की हातानं?

डोरेमॉन की मोटू-पतलू हा घरातला वाद एकदाचा मिटला, की पुढचा प्रश्न आईबाबांच्या वाट्याला येतो: निमंत्रण करायचं कसं? वाटा चार आहेत. मोबाइलवर चित्र तयार करून व्हॉट्सॲपवर पाठवायचं, गाणं-ॲनिमेशनवालं व्हिडिओ निमंत्रण करायचं, डिजिटल प्रिंटवाल्याकडून कार्डं छापून घ्यायची, किंवा कार्डशीट आणि रंगपेटी काढून पोरांना टेबलाशी बसवायचं.

बहुतेक जण खर्च आणि वेळ बघून ठरवतात. माझ्या मते त्याआधी हे बघावं की निमंत्रण वाचणार कोण. वाचणारे दोन असतात. एक सहा-सात वर्षांचा, त्याला फक्त चित्र दिसतं. दुसरी त्याची आई, तिला वार, वेळ, पत्ता, मुलाला सोडून जायचं की थांबायचं आणि जेवण आहे की नुसता केक-वेफर्स, एवढंच हवं असतं. चारपैकी एकही वाट या दोघांना सारखी पावत नाही. म्हणून 'सगळ्यांत चांगलं कोणतं' हे शोधत बसण्यापेक्षा पालकांसाठी एक आणि मुलांसाठी एक अशी जोडी लावली, तर काम हलकं होतं.

मोबाइलवरचं चित्र आणि व्हिडिओ

पालकांसाठी साधं चित्रच सरस, व्हिडिओ नाही. याबाबत मी ठाम आहे. व्हिडिओ दिसायला भारी असतो. फुगे उडतात, कार्टून नाचतं, मुलाचं नाव गरगर फिरत येतं. पण ऑफिसात किंवा लोकलमध्ये उभी असलेली आई तो आवाज बंद करून बघते, आणि पत्ता पडद्यावर येतो तो तीन सेकंदांसाठी. नंतर शनिवारी संध्याकाळी 'अगं, हॉल कुठला म्हणालीस?' असा फोन येतोच. चित्र एकदा उघडलं की सगळं समोर असतं, स्क्रीनशॉट काढायची गरज नाही, फोनची मेमरीही फारशी खात नाही.

व्हिडिओला जागा आहे ती आजी-आजोबांच्या आणि परगावच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. तिथे निमंत्रणापेक्षा कौतुक जास्त असतं. न्यू जर्सीतल्या मावशीला हॉलचा पत्ता लागत नाही, भाचीचं नाव नाचताना दिसलं की ती खूश. तेवढ्यासाठी करायचा असेल तर वीस सेकंदांच्या वर जाऊ नका आणि शेवटचं पान, म्हणजे तारीख-वेळ-पत्ता, निदान सहा-सात सेकंद स्थिर ठेवा.

चित्र बनवायला कॅनव्हासारखं ॲप पुरतं. फुकटच्या खात्यात तयार नमुने भरपूर मिळतात. काही चित्रांवर मुकुटाची खूण असते, ती पैसे भरणाऱ्यांसाठी. नमुना निवडतानाच उभा, १०८० × १९२० पिक्सेलचा घ्या, म्हणजे फोनच्या पडद्यावर पूर्ण बसतो आणि स्टेटसलाही चालतो.

खरी अडचण मराठी अक्षरांची. नमुन्यातला गोंडस इंग्रजी फाँट देवनागरीला लागू होत नाही. ॲप गुपचूप दुसराच कोरडा फाँट लावतं आणि सगळी मजा जाते. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेनं केलेले बालू, मोदक आणि मुक्ता हे फाँट मोफत आहेत. बालू गोलसर आणि खेळकर, वाढदिवसासाठी अगदी योग्य. मोदक नावासारखाच गुबगुबीत. मुलाच्या नावापुरता वापरा, पत्ता त्यात लिहिलात तर अक्षरांची पोटं एकमेकांत घुसतात. पत्ता-वेळेसाठी मुक्ता. फाँट ठरवण्याआधी मुलाचं नाव त्यात लिहून बघा. शर्वरी, आर्या, श्लोक, ज्ञानदा अशा नावांत रफार किंवा जोडाक्षर असतं आणि फाँट कच्चा असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

चित्राखाली तोच मजकूर टाइप करून पाठवायला विसरू नका, सोबत नकाशाची लिंक. चित्रातला पत्ता कॉपी करायचा म्हणजे खटपट, आणि ग्रुपवर आठवड्याभरात दोनशे मेसेज पडले की मागे जाऊन शोधायला टाइप केलेला मजकूरच कामाला येतो. चित्र पाठवताना एचडी पर्याय निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात.

मुलाचा फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि फ्लॅट नंबर हे सगळं एकाच चित्रात घालू नका. ते चित्र पुढे कुठे-कुठे जाईल याचा आपल्याला पत्ता नसतो. सोसायटीचं नाव पुरे, फ्लॅट नंबर येणाऱ्यांना वेगळा कळवा. कार्टूनची थीम असली की फोटोची गरजही उरत नाही, हा तिचा न बोलला जाणारा फायदा.

छापील कार्ड

छापील कार्डाची बाजू मांडायची तर मुलाच्या नजरेनं मांडावी लागते. मोबाइलवरचं निमंत्रण आईला येतं, कार्ड त्याला येतं. स्वतःच्या नावाचं पाकीट मिळणं ही सात वर्षांच्या माणसासाठी मोठी गोष्ट आहे. ते दप्तरात दुमडून, पुस्तकात दाबून, फ्रिजवर चिकटवून जपलं जातं.

खर्चाचं गणित सोपं आहे, पण उलटं विचारलं जातं. 'एक कार्ड कितीला?' असं न विचारता 'शीट कितीला?' असं विचारा. डिजिटल प्रिंटवाल्याकडे साधारण १३ × १९ इंचांचं शीट असतं. ४ × ६ इंचांची नऊ कार्डं एका शीटवर बसतात, म्हणजे तीन शीटमध्ये सत्तावीस. ५ × ७ इंच घेतलंत आणि सगळी एकाच दिशेनं लावली तर शीटवर चारच, आणि पंचवीस कार्डांना सात शीट. एका इंचाच्या हौसेपायी खर्च दुपटीच्या वर जातो. कागद ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडी-वजनाचं माप) आर्ट कार्ड सांगा. त्याहून पातळ कागद मुलांच्या हातात टिकत नाही. कटिंगचे पैसे वेगळे लागतात का, तेही आधीच विचारून घ्या.

फाइल देताना तीन गोष्टी सांभाळायच्या. एक, चित्राचा आकार: ४ × ६ इंचांच्या कार्डाला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १२०० × १८०० पिक्सेल लागतात. गूगलवरून उचललेलं चारशे पिक्सेलचं कार्टून फोनवर छान दिसतं आणि कागदावर ठिपक्या-ठिपक्यांचं होतं. दोन, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोडा, नाहीतर कटिंगनंतर एका कडेला पांढरी रेघ उरते. तीन, पडद्यावरचा झगमगीत निळा आणि पोपटी कागदावर जरा मावळतो, कारण छपाईची शाई पडद्यासारखा उजेड टाकू शकत नाही. आधी एक शीट काढून बघा, मग बाकीची.

मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून 'तुम्हीच टाका' म्हणणार असाल, तर प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना-प्रत, डोळ्यांत तेल घालून तपासा. बऱ्याच दुकानांत अजून कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये, श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटवर काम चालतं. तुमचा मोबाइलवर टाइप केलेला (युनिकोड) मजकूर त्यात बदलून घेताना 'दुसऱ्या'तला अर्धा र हरवतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. सगळ्यांत बरं म्हणजे ॲपमधूनच छपाईची पीडीएफ काढून द्यायची.

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट अशा ठिकाणी कार्टूनवाली तयार कार्डंही गठ्ठ्यानं मिळतात, फक्त नाव-वेळ भरायची. घाईत असाल तर वाईट नाहीत. पण त्यांवरची पात्रं दोन-तीन वर्षांमागची असतात, आणि 'हा आता कोणी बघत नाही' हे मुलं तोंडावर सांगतात.

हातानं केलेलं

इथे आईबाबांचा उत्साह आणि मुलाचा धीर यांची गाठ पडते. पाच वर्षांचं मूल तिसऱ्या कार्डापर्यंत मनापासून रंगवतं, पाचव्याला उठतं, आणि उरलेली पंधरा रात्री अकराला आई कात्री-फेविकॉल घेऊन पुरी करते. म्हणून नगाचा हिशेब आधी करा. आठ-दहा मित्र असतील तर हातानं करा. पूर्ण वर्गाला द्यायची असतील तर नको.

पात्र निवडताना चित्रकलेची पातळी बघा. डोरेमॉन सगळ्यांत सोपा: गोलात गोल, सहा मिश्या, लाल पट्टा, पिवळी घंटा, कान नाहीत हीदेखील सोयच. मिकी म्हणजे तीन वर्तुळं. मिनियन पिवळ्या कॅप्सूलला चष्मा लावला की झाला. छोटा भीम मात्र अवघड, चेहरा जरा चुकला तरी शेजारचा बंडू दिसतो.

मला स्वतःला सगळ्यांत आवडणारा मार्ग याच वाटेवरचा आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. मुलानं एकच चित्र काळ्या स्केचपेननं, नुसत्या रेषांत, ए-४ कागदाच्या चौथ्या भागात मावेल असं काढायचं. बाजूला आपण मजकूर लिहायचा. त्याच्या चार प्रती एका ए-४ वर लावून झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर काढून घ्यायच्या. पंचवीस मित्रांना सात कागद पुरतात. खाली लिहायचं: 'हे चित्र रंगवून आण!' मुलं घरी रंगवतात, वाढदिवसाला घेऊन येतात, ती दोऱ्यावर चिमट्यांनी टांगली की सजावटही होते. शिवाय पाहुणे जमेपर्यंतचा तो पहिला अर्धा तास, ज्यात कुणी पडद्यामागे लपतं आणि कुणी रडतं, तो 'माझं बघ, तुझं बघू' यात निभावतो. खर्च छापील कार्डाच्या कितीतरी खाली, आणि चित्र खरोखर वाढदिवसाच्या मुलाचं.

एक मात्र आधी विचारून घ्या. अनेक शाळांमध्ये वर्गात कार्डं वाटू देत नाहीत, किंवा वाटायची तर सगळ्यांना वाटा म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही. निवडक मुलांनाच बोलावणार असाल तर कार्ड खेळाच्या मैदानात, नाहीतर घरी नेऊन द्या.

कार्टून उचलायचं की सुचवायचं

ही पात्रं कुणाच्या तरी मालकीची असतात. छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या ॲनिमेशन कंपनीचा आहे, तसा प्रत्येकाला धनी आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, खासगी वापराला काही सवलत आहे, त्यामुळे घरच्या वाढदिवसाला दहा कार्डं रंगवल्यानं कुणी दारात येत नाही. पण तीच चित्रं वापरून इतरांना कार्डं विकायला लागलात की तो धंदा होतो आणि सवलत संपते. ऑनलाइन छपाई करणाऱ्यांच्या अटींतही दुसऱ्याच्या मालकीची चित्रं चालणार नाहीत असं लिहिलेलं असतं, ऑर्डर देण्याआधी वाचा.

कायदा बाजूला ठेवला तरी नुसती खूण वापरलेलं कार्ड मला जास्त देखणं वाटतं. केशरी पार्श्वभूमी आणि ताटभर लाडू काढा, मुलं क्षणात 'भीम!' म्हणतात. निळ्यावर लाल पट्टा आणि घंटा पुरते. यात पुसट चित्राची कटकट नाही आणि मजकुराला मोकळी जागा मिळते.

एआयकडून चित्र करून घेणार असाल तर अक्षरं त्याच्यावर सोपवू नका. देवनागरी जोडाक्षरं त्याच्याकडून बिघडू शकतात. 'वाढदिवस'च्या जागी दिसायला मराठी पण वाचता न येणारं काहीतरी उमटू शकतं. वरचा अर्धा भाग रिकामा सोडलेलं, अक्षरांशिवायचं चित्र मागा आणि मजकूर कॅनव्हात चढवा.

मजकूर

वाट कोणतीही धरा, मजकूर मुलाच्या तोंडचा असू द्या. आपल्या लग्नपत्रिकांत खाली कोपऱ्यात घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची ओळ असायची: 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' अख्ख्या पत्रिकेत लक्षात राहायची ती तीच. 'सर्वांनी उपस्थित राहून शुभाशीर्वाद द्यावेत' हे सहा वर्षांच्या डोरेमॉनभक्ताला शोभत नाही. 'माझ्या वाढदिवसाला यायचं हं! डोरेमॉन येणार आहे, केकसुद्धा आहे' हे पुरे. वर्गात सगळी मराठी मुलं नसतील तर वरची ओळ मराठीत आणि तारीख-पत्ता इंग्रजीत ठेवा. दोन्ही भाषांत सगळं लिहायला गेलं की कार्ड रेशनकार्डासारखं भरून जातं.

पालकांसाठीच्या मेसेजमध्ये मात्र गोडवा बाजूला ठेवून स्पष्ट लिहा. वेळ 'संध्याकाळी ५ पासून' नको, '५ ते ७.३०' हवी, म्हणजे न्यायला कधी यायचं ते कळतं. भेट नको असेल तर तसं लिहा. शेंगदाणे, अंडं असं कुणाला चालत नसेल तर कळवायला सांगा. आणि 'येणार असाल तर गुरुवारपर्यंत सांगा' ही ओळ शेवटी, एकटी, वेगळ्या ओळीवर टाका. मजकुराच्या मधे घातलीत तर उत्तरं यायची ती रविवारी दुपारी, केक कापायच्या तासभर आधी.