सोसायटीचा विमा, कर्जासोबतचा विमा की स्वतःची पॉलिसी? फ्लॅटमालकाने कशावर विसंबावे

एकाच फ्लॅटवर तीन-तीन पॉलिसी असतात आणि तरी पुराच्या पाण्यात फुगलेल्या कपाटाचा एक रुपयाही मिळत नाही, असे होऊ शकते. पहिली पॉलिसी सोसायटीने इमारतीची काढलेली असते. दुसरी गृहकर्ज घेताना बँकेने पुढे केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात असते. तिसरी आपण स्वतः काढायची, आणि बहुतेकांनी ती काढलेलीच नसते. तिन्हींना ‘घराचा विमा’ असेच म्हटले जाते, पण कशाचा विमा, किती रकमेचा आणि पैसे कोणाच्या हाती, या तिन्ही बाबतींत त्या एकमेकींपेक्षा निराळ्या आहेत.

आधी किमतीचा घोळ

कोथरूड किंवा ठाण्यातला ६५० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट बाजारात कोटीच्या घरात जातो, म्हणून विमाही कोटीचा हवा असे वाटते. त्या कोटीतला मोठा हिस्सा जमिनीचा आणि जागेच्या मोक्याचा असतो, आणि जमीन जळत नाही. विमा कंपनी पाहते तो पुन्हा बांधण्याचा खर्च. ‘भारत गृह रक्षा’ या घरविम्याच्या प्रमाण पॉलिसीत हिशेब सरळ आहे: कार्पेट एरिया गुणिले त्या भागातला बांधकामाचा दर. दर ३,००० रुपये चौरस फूट धरला तर ६५० फुटांचे १९ लाख ५० हजार होतात. तुमच्या इमारतीला कोणता दर लावायचा हे सोसायटीच्या आर्किटेक्टला विचारा, एजंटला नको. काही कंपन्या वेगळ्या उत्पादनात आधी ठरवलेल्या किमतीवर फ्लॅटचा विमा देतात. त्याचा हप्ता बराच चढा असतो आणि अटीही निराळ्या असतात.

सोसायटीची पॉलिसी

महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढणे सोसायटीवर बंधनकारक आहे आणि त्याचा खर्च सभासदांच्या क्षेत्रफळाप्रमाणे मेंटेनन्स बिलात वाटला जातो. म्हणजे या विम्याचे पैसे तुम्ही भरतच असता. तरीही ती पॉलिसी किती जणांनी डोळ्यांनी पाहिली आहे? सेक्रेटरीकडून प्रत मागून घ्या आणि तीन गोष्टी तपासा.

पॉलिसी कोणत्या नमुन्याची आहे, ही पहिली. उपविधींत फक्त आग आणि भूकंप लिहिले आहेत, पूर नाही. भारत गृह रक्षा असेल तर आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, दरड, दंगल, झाड किंवा वाहन आदळणे, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे हे सगळे मुळातच येते. मात्र व्यावसायिक धर्तीची जुनी फायर पॉलिसी चालू असेल, तर हप्ता वाचवण्यासाठी वादळ-पुराचे संरक्षण वगळलेले असू शकते. पुण्यात जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा नदीकाठच्या सोसायट्यांसाठी हाच कळीचा प्रश्न होता.

दुसरी गोष्ट रक्कम. कमिटी बदलते, कागद तसाच पुढे जातो, आणि दहा वर्षांपूर्वीचा आकडा आजही छापून येतो. फायर पॉलिसीत इथे सरासरीची अट लागते, म्हणजे विमा ज्या प्रमाणात अपुरा त्या प्रमाणात भरपाईही कापली जाते. इमारत पुन्हा बांधायला १० कोटी लागणार असतील आणि विमा ५ कोटींचाच असेल, तर ४० लाखांच्या नुकसानीवर कंपनी २० लाखच देते. नुकसान विमा रकमेच्या कितीतरी आत आहे, हा युक्तिवाद चालत नाही. भारत गृह रक्षेत ही कात्री माफ आहे, पण क्षेत्रफळ आणि बांधकामाची माहिती खरी दिलेली असली पाहिजे आणि विमा रक्कम ही कमाल मर्यादा राहतेच.

तिसरी गोष्ट तुमच्या दाराच्या आतली. सोसायटी विमा काढते तो खांब, स्लॅब, भिंती, जिने, लिफ्ट, पंप, पाण्याच्या टाक्या यांचा. तुम्ही बदललेली फरशी, पीओपीचे छत, मॉड्युलर किचन त्या रकमेत सहसा धरलेले नसते. घरातले सामान तर नाहीच. शिवाय दाव्याचे पैसे सोसायटीच्या खात्यात येतात आणि आधी काय दुरुस्त करायचे हे कमिटी ठरवते. तळमजल्यावरच्या सभासदाची भिजलेली भिंत त्या यादीत कुठे असेल, ते सांगायला नको.

कर्जासोबतची पॉलिसी

इथे आधी एक शंका मिटवा: तुमच्याकडे खरेच घराचा विमा आहे का? कर्ज घेताना सही केलेली पॉलिसी पुष्कळदा आयुर्विम्याची निघते. कर्जदाराचा मृत्यू झाला तर ती उरलेले कर्ज फेडते. घर जळले तर तिचा उपयोग शून्य. पॉलिसीवर कंपनीचे नाव पाहा. आयुर्विमा कंपनी असेल तर तो घराचा विमा नव्हे.

खरा घराचा विमा असेल तर तो बहुधा दीर्घ मुदतीचा, एकरकमी हप्त्याचा असतो, आणि तो हप्ता कर्जातच मिळवलेला असतो. म्हणजे त्या हप्त्यावरही तुम्ही वर्षानुवर्षे व्याज भरता. विमा रक्कम काही वेळा कर्जाच्या रकमेवर बेतलेली असते, बांधकाम खर्चावर नाही. पॉलिसीवर बँकेचे नाव असते, त्यामुळे मोठ्या दाव्यात पहिला हक्क बँकेचा. सामानाचे कलम मुद्दाम शोधा. फक्त इमारतीचाच विमा निघालेला असू शकतो. घर विम्याखाली ठेवा अशी अट बँक घालू शकते, पण अमुकच कंपनीकडून घ्या अशी सक्ती करू शकत नाही. स्वतः निवडलेली पॉलिसी बँकेचे नाव नोंदवून दिली की अट पूर्ण होते. कर्ज मुदतीआधी फिटले तर पॉलिसीवरून बँकेचे नाव एन्डॉर्समेंट (पॉलिसीतली अधिकृत दुरुस्ती) करून काढून घ्या. पॉलिसीच नको असेल तर ती रद्द करून उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मागता येतो. बहुतेक जण हे विसरतात.

स्वतःची पॉलिसी

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने भारत गृह रक्षा हा एकच प्रमाण नमुना ठरवून दिला. घरांचा आगीचा विमा करणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना तो द्यावाच लागतो. मूळ शब्दरचना सगळीकडे सारखी, फरक हप्त्यात आणि जोडसंरक्षणांत (जादा पैसे भरून घ्यायच्या ‘अ‍ॅड-ऑन’मध्ये). त्यामुळे तुलना करणे सोपे आहे, आणि हे विम्याच्या जगात क्वचितच घडते.

इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतके सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. वरच्या उदाहरणात ते ३ लाख ९० हजार होते. फर्निचर, फ्रिज, टीव्ही, कपडे, स्वयंपाकघरातली उपकरणे, भिंतीवर बसवलेली विजेची उपकरणे सगळी यात येतात. एवढ्यात भागत नसेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. उलट, सोसायटीची पॉलिसी भक्कम असेल तर फक्त सामानाचाही विमा काढता येतो. मुदत १ ते १० वर्षे. अनेक वर्षांची घेतली तर इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्यासाठी जादा हप्ता नाही. मलबा हटवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम त्यातच असते. २० लाखांच्या बांधकामाचा वर्षाचा हप्ता सहसा हजार रुपयांच्या आगेमागेच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला. घर आणि गाडीच्या विम्यावर मात्र १८ टक्के तसाच आहे.

आता फटी पाहू. घरफोडीचे संरक्षण मूळ पॉलिसीत नाही. आग-पूर अशा विमित घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरी तेवढी धरली जाते. कुलूप लावून गावी जाणाऱ्यांनी घरफोडीचे जोडसंरक्षण वेगळे घ्यावे. दागिन्यांचे संरक्षणही वेगळे मागावे लागते. एकूण रक्कम ५ लाखांच्या वर किंवा एखादा दागिना १ लाखाच्या वर असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागतो. रोख रक्कम, कागदपत्रे, वाहने सामानात धरत नाहीत. आणि शॉर्ट सर्किटने एसी जळला तर त्या एसीचे पैसे मिळत नाहीत. त्यातून आग पसरून पलंग-पडदे जळले तर त्यांचे मिळतात.

| | सोसायटीची | कर्जासोबतची | स्वतःची |
|---|---|---|---|
| इमारत | संपूर्ण | तुमचा फ्लॅट | तुमचा फ्लॅट |
| घरातले सामान | नाही | तपासा | आहे |
| रक्कम कोण ठरवते | कमिटी | बहुधा बँक | तुम्ही |
| दाव्याचे पैसे | सोसायटीकडे | आधी बँकेकडे | तुमच्याकडे, कर्ज असेल तर बँकेची नोंद पाहून |

मग कोणी काय करावे

चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट तुम्ही एकट्याने पुन्हा बांधू शकत नाही. खालचे तीन मजले आणि पाया उभा राहिला तरच तुमचा स्लॅब पडणार. म्हणून सांगाड्यासाठी सोसायटीची पॉलिसीच महत्त्वाची, आणि सर्वसाधारण सभेत भांडायचे असेल तर पार्किंगच्या जागेपेक्षा विम्याच्या रकमेवर भांडणे जास्त फायद्याचे. सोसायटीची रक्कम आजच्या दराने पुरेशी असेल तर स्वतःसाठी सामान आणि अंतर्गत सजावटीचा विमा पुरतो. रक्कम तुटपुंजी असेल आणि कमिटी ढिम्म असेल तर स्वतः इमारत आणि सामान दोन्ही घ्या. दोन पॉलिसींतून एकाच नुकसानीची दुप्पट भरपाई मिळत नाही, पण एकीतून कमी पडलेले दुसरीतून मागता येते.

तळमजला, नाल्याकाठ, चिपळूण-सांगली-कोल्हापूरसारखा पूरभाग: इथे सामानाची रक्कम हात आखडता न घेता ठेवा. भाडेकरूने फक्त सामानाचा विमा घ्यावा. घर भाड्याने देऊन पुणे सोडून बंगळूर किंवा दुबईला राहणाऱ्या मालकाने इमारतीचा घ्यावा. घर राहण्याजोगे नसेल त्या काळातले बुडालेले भाडेही पॉलिसीत येते.

तीस वर्षांपुढच्या इमारतींबाबत भ्रम नको. केवळ जीर्ण झाल्याने इमारत कोसळली तर ती विमित घटना नाही. झीज, हळूहळू मुरणारी गळती, गच्चीतून झिरपणारे पाणी, सदोष बांधकाम हे सगळे वगळलेले आहे. तिथे उपाय आहे तो स्ट्रक्चरल ऑडिटचा: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ५ वर्षांतून एकदा, त्यापुढे ३ वर्षांतून एकदा. आग लागल्यावर अग्निशमन यंत्रणा चालू होती का हा प्रश्न निघतोच, तेव्हा ती चालू असल्याचे दर जानेवारी आणि जुलैचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र फाइलमध्ये हवे.

स्टिल्ट पार्किंगमधली गाडी यातल्या कोणत्याच पॉलिसीत नाही. ती गाडीच्या स्वतःच्या पॉलिसीत, आणि तीही फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराचे काहीच नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी पाण्यात बुडालेले इंजिन चालू करायचा प्रयत्न केला, सिलिंडरमध्ये पाणी ओढले गेले आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते परिणामी नुकसान म्हणून नाकारले जाते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडसंरक्षण लागते. चावी फिरवू नका, बॅटरीची वायर काढा, टो करून न्या.

दावा करताना

त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि दावा क्रमांक घ्या. काहीही हलवण्याआधी पाण्याच्या रेषेसकट फोटो काढा. ओला फ्रिज किंवा मिक्सर चालतो का बघायला प्लग लावू नका. जळाला तर पुराचे नुकसान शॉर्ट सर्किटच्या खात्यात जाते. गाद्या-कपाटे सर्वेअर (नुकसान मोजणारा तज्ज्ञ) येण्याआधी कचऱ्यात देऊ नका. दुर्गंधीमुळे द्यावीच लागली तर कंपनीला आधी लिहून कळवा. आगीसाठी अग्निशमन दलाचा अहवाल, चोरीसाठी एफआयआर लागतो. १ लाखापुढच्या नुकसानीला परवानाधारक सर्वेअर लागतोच. त्याने कापलेली प्रत्येक रक्कम कोणत्या कलमाखाली कापली, हे लेखी मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही, आणि भरपाईची मर्यादा ५० लाखांची आहे.