सीबीटी समुपदेशन, काही महिने घेतल्यावर: काय टिकलं, काय सुटलं

हे परीक्षण कुणा समुपदेशकाचं नाही, पद्धतीचं आहे. सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत, मी काही महिने घेतली. तिच्यातलं काय रोजच्या आयुष्यात उतरलं आणि काय वहीतच राहिलं, ते लिहिते आहे. माझी तक्रार साधी होती. झोप उडालेली, कशातच मन लागत नव्हतं आणि डोक्यात त्याच त्या गोष्टींची उजळणी चालू. तुमचा त्रास वेगळा असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू पडणार नाही, हे धरूनच वाचा.

पहिल्या भेटीत पीएचक्यू-९ नावाची, नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांत काय काय जाणवलं याचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. पाचपासून सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून बऱ्यापैकी तीव्र आणि 20 पासून तीव्र. माझा आकडा ‘मध्यम’मध्ये पडला. हा आकडा म्हणजे निदान नव्हे, निदान तज्ज्ञ बोलून करतात. पण दर काही आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरायचा असतो आणि त्याचा उपयोग मला वाटला होता त्यापेक्षा जास्त झाला. मन खचलेलं असताना ‘काहीच फरक नाही’ असंच वाटतं, आणि कागदावर झोपेच्या प्रश्नाचा आकडा 3 वरून 1 वर आलेला दिसतो. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही लिहिलं तर चांगला समुपदेशक बाकी सगळं थांबवून त्याबद्दल सरळ विचारतो. असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, बोलायला वाट मिळते.

पद्धतीचा इतिहास दोन ओळींत: ॲरन बेक हे मनोविश्लेषणात तयार झालेले मानसोपचारतज्ज्ञ. 1960 च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की नैराश्यातल्या रुग्णांच्या मनात झर्रकन येऊन जाणाऱ्या नकारात्मक विचारांचा प्रवाह सतत चालू असतो आणि रुग्ण ते विचार न तपासता खरे मानून चालतो. अल्बर्ट एलिस यांनी त्याआधीच, 1955 च्या सुमारास, विवेकनिष्ठ पद्धत सुरू केली होती. एलिस माणसाच्या हट्टी अपेक्षांशी थेट वाद घालायचे, बेक प्रश्न विचारत विचारत माणसालाच पुरावा शोधायला लावायचे. माझ्या समुपदेशक बेक यांच्या वाटेच्या. मला ते मानवलं, कारण वाद घालणाऱ्यासमोर मी गप्प होते.

सेशन साधारण पन्नास मिनिटांचं. आज काय बोलायचं ते आधी ठरवायचं, मग मागचा गृहपाठ, मग एकच विषय, मग नवा गृहपाठ आणि शेवटी ‘आजचं काय खटकलं?’ हा प्रश्न. मनातलं भडाभडा ओतायला गेलेल्या माणसाला हे ऑफिसच्या मीटिंगसारखं वाटतं. मलाही सुरुवातीला कोरडं वाटलं. पण आठवड्यातल्या उरलेल्या सगळ्या तासांत समुपदेशक आपल्याजवळ नसतो. तेव्हा हातात जे उरतं, तो या पद्धतीचा खरा माल आहे.

आणि या मालातला सगळ्यात दमदार भाग माझ्या मते विचारांचा नाहीच, वर्तनाचा आहे. त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. 1970 च्या दशकात पीटर ल्युइनसन यांनी मांडलेली कल्पना अशी: माणूस खचला की त्याच्या हालचाली, भेटीगाठी, छंद कमी होतात. त्यामुळे दिवसात बरं वाटण्याच्या संधी कमी होतात. त्यामुळे तो आणखी खचतो आणि आणखी कमी हलतो. हे चक्र तोडायचं तर ‘मूड आला की करीन’ म्हणून थांबता येत नाही, आधी करायचं आणि मूडला मागून येऊ द्यायचं. 1996 मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सीबीटीचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा नुसता वर्तनाचा भाग घेतलेल्या नैराश्यग्रस्तांना पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकाच फायदा झालेला आढळला.

प्रत्यक्षात हे एका कंटाळवाण्या तक्त्यावर चालतं. दिवसाचे तास, त्या तासात काय केलं आणि समोर दोन आकडे, 0 ते 10 मध्ये: किती आनंद वाटला आणि काहीतरी जमल्याचं समाधान किती वाटलं. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, नुसतं भरायचं. माझ्या तक्त्यात संध्याकाळी पलंगावर फोन चाळण्याला मी ‘आराम’ म्हणत होते आणि त्याच्यासमोर आनंद 2, समाधान 0 असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. हे कुणी उपदेश म्हणून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. दुसऱ्या आठवड्यात अंदाजाचा रकाना वाढला. मैत्रिणीला फोन करण्याआधी लिहिला अंदाज 2, फोन ठेवल्यावर 6. खचलेल्या मनाचे अंदाज जवळपास नेहमी खालीच असतात. ते एकदा आकड्यांत दिसलं की पुढच्या वेळी त्या अंदाजावर तितका विश्वास बसत नाही.

यातली खुबी कामाच्या आकारात आहे. ‘रोज व्यायाम’ असं लिहिलं की समुपदेशक ते खोडायच्या. ‘सहा वाजता बूट घालून दाराबाहेर, कोपऱ्यापर्यंत’ चालतं. सगळ्यात वाईट दिवशीही जमेल इतकं लहान काम, वेळ आणि जागा ठरवून. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याच्यासाठी तो आकडा नुसता टोचणी आहे. कोपऱ्यापासून सुरू करून मी हळूहळू त्या आकड्याच्या आसपास गेले.

विचारांची नोंद, म्हणजे सीबीटीची प्रसिद्ध वही, मला मध्यम उपयोगी वाटली. प्रसंग, भावना किती टक्के, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, मग जास्त तोललेला विचार आणि पुन्हा भावनेचे टक्के. उदाहरण म्हणजे, मैत्रिणीने मेसेज वाचला पण उत्तर नाही. विचार: ‘ती माझ्यावर चिडली आहे.’ अस्वस्थता 80 टक्के. पुरावा तपासला, तर बाजूने फक्त निळी खूण आणि विरुद्ध बाजूला कालच तिने स्वतःहून केलेला फोन. शेवटी अस्वस्थता 45. शून्य होत नाही आणि शून्य करायचीही नसते, 45 वर माणूस उठून कामाला लागतो. याला ‘पॉझिटिव्ह विचार करा’ समजणाऱ्यांनी एकदा हा तक्ता भरून बघावा. इथे गोड विचार चिकटवायला मनाई आहे, पुरावा लागतो.

दोन ठिकाणी मात्र ही वही चालत नाही. एक, रात्री दोन वाजता. त्या वेळी विरुद्ध पुराव्याचा रकाना रिकामाच राहतो. दुसरं, विचार खराच असेल तेव्हा. नोकरी खरोखर गेली असेल, माणूस खरोखर दुरावलं असेल, तर पुरावे तपासून काय करणार? तिथे समस्येचे तुकडे करून एकेक उपाय बघावा लागतो, किंवा दुःखाला दुःख म्हणून जागा द्यावी लागते. स्टीव्हन हेज यांची स्वीकार आणि बांधिलकीवर उभी असलेली पद्धत इथे जास्त कामाची वाटली. तिच्यात विचाराशी झगडायचं नाही, ‘मला असा विचार येतो आहे’ एवढं म्हणून आपल्या मोलाच्या कामाकडे वळायचं.

काळजीसाठी वेळ राखून ठेवणं हे तंत्र ऐकायला थट्टेचं वाटतं. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी ते 1983 मध्ये मांडलं. दिवसातला ठरावीक अर्धा तास, ठरावीक खुर्ची. इतर वेळी काळजी आली की एका ओळीत टिपायची आणि ‘साडेपाचला बघू’ म्हणून पुढे ढकलायची. विचार दाबायला गेलं की तो जास्त येतो, हे डॅनिएल वेग्नर यांनी 1987 मध्ये लोकांना ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगून केलेल्या प्रयोगात दाखवलं आहे. इथे दाबणं नाही, तारीख देणं आहे. साडेपाचला यादी काढली की बऱ्याच ओळी शिळ्या झालेल्या असत. उरलेल्यांत दोन गट, ज्यावर आज काही करता येईल आणि ज्यावर नाही. सगळ्यांत पहिल्यांदा याच तंत्राने मला दिलासा दिला.

झोपेचा भाग सगळ्यात कठीण आणि सगळ्यात फळ देणारा. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेले नियम असे: पलंग फक्त झोपेसाठी, वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत, झोप आली की परत, उठण्याची वेळ रोज एकच, दुपारी झोपायचं नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून. त्याच्या जोडीला आर्थर स्पीलमन यांचं 1987 मधलं तंत्र, ज्यात पलंगावरचा वेळच कापतात. खरी झोप सहा तास असेल तर पलंगावर सहाच तास, आणि पलंगावरच्या वेळेपैकी 85 टक्क्यांच्या वर झोप होऊ लागली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. पहिले दिवस अक्षरशः नको होतात. दिवसा पेंग येते, चिडचिड होते, गाडी चालवणं धोक्याचं. फिट्स येणाऱ्यांनी किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी हे मनाने करूच नये, कारण झोप कमी केल्याने त्यांचा त्रास उफाळतो. पण जुनाट निद्रानाशासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये गोळ्यांच्या आधी हीच पद्धत सुचवली, ती उगीच नाही.

जे मला जमलं नाही तेही लिहिते. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देणं. जॉन काबाट-झिन यांनी 1979 पासून रुजवलेला आठ आठवड्यांचा सजगतेचा (माइंडफुलनेसचा) कार्यक्रम अनेकांना लाभतो, पण श्वास मोजायला लागलं की माझी धडधड वाढायची. असं काहींचं होतं. मग एडमंड जेकबसन यांचं जुनं स्नायू सैल करण्याचं तंत्र घेतलं. मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळायची, मग वीसेक सेकंद सोडून द्यायची, असं करत पायापर्यंत. लक्ष द्यायला ठोस काहीतरी असल्याने हे चाललं. मनातलं मोकळेपणी लिहून काढणंही माझ्या बाबतीत गिरणीसारखं होतं, तेच दळण पुन्हा पुन्हा. जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 मधल्या मूळ प्रयोगात लेखन चारच दिवस, रोज पंधरा मिनिटं होतं. पानंच्या पानं महिनोन्‌महिने लिहिणं हा वेगळाच प्रकार झाला. ॲप्सबद्दल एवढंच, की नोंदी ठेवायला ठीक, पण ‘तुमची साखळी तुटली’ असं सांगणारी सूचना खचलेल्या माणसाला काय कामाची?

समुपदेशक निवडण्याबद्दल. एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 मध्ये समुपदेशनातल्या नात्याचे तीन धागे सांगितले: ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि परस्परांचा विश्वास. मी आधी ज्यांच्याकडे गेले त्या स्वतःच्याच आयुष्यातले दाखले देत आणि सल्ले देत. वाईट हेतू नव्हता, पण तीनपैकी एकही धागा जुळला नाही. बदलताना संकोच वाटतो, तरी बदलावं. शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, बोललेलं कुठवर गुप्त राहतं, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारलेले चांगल्या समुपदेशकाला खटकत नाहीत. गुप्ततेला जिवाच्या धोक्याचा अपवाद असतो, तोही ते आधीच सांगतात.

माझ्या समुपदेशकांनी पहिल्याच आठवड्यात मला डॉक्टरकडे पाठवून थायरॉइड आणि रक्त तपासायला लावलं, कारण थायरॉइड मंदावलं किंवा रक्त कमी झालं तरी असाच थकवा आणि उदासी येते. औषधं लिहून देणं समुपदेशकाचं काम नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. तीव्र नैराश्य, भास, उन्माद असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, वही नंतर. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीची मदत घ्यायची आणि कुणाला तरी सोबत थांबवून घ्यायचं.

आता सेशन अधूनमधून असतं. प्रश्नावलीचा आकडा बहुतेक वेळा पाचच्या खाली असतो. सुटलेल्या गोष्टींत विचारांची वही बऱ्यापैकी येते, तिच्यातले प्रश्न आता तोंडपाठ आहेत. टिकलं ते उठण्याची ठरलेली वेळ, साडेपाचची खुर्ची आणि कोपऱ्यापर्यंत चालणं. शिवाय घसरण सुरू झाल्याच्या खुणांचा एक कागद. माझ्या खुणा म्हणजे फोन न उचलणं, उठण्याची वेळ पुढे सरकणं आणि तक्ता न भरणं. त्याची एक प्रत बहिणीकडे आहे आणि तिला एवढंच म्हणायची मुभा आहे, ‘कागद बघितलास का?’

गृहपाठाचा ज्यांना तिटकारा आहे, किंवा ज्यांना सध्या फक्त कुणीतरी नीट ऐकून घ्यायला हवं आहे, त्यांनी सीबीटीने सुरुवात करू नये. त्यांनी कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री वाटेने काम करणारा समुपदेशक शोधावा. तिथे तक्ते नसतात आणि काय बोलायचं ते तुम्ही ठरवता. बाकीच्यांनी पहिला आठवडा नुसता तक्ता भरावा, काहीही न बदलता.