काचेच्या ग्लासांवर लोगो: ५ वॅट यूव्ही लेझर मशीनचं परीक्षण

हे परीक्षण ३५५ नॅनोमीटर (अतिनील, म्हणजे यूव्ही), ५ वॅट, ११०×११० मिमी भागावर काम करणारी लेन्स आणि इझीकॅड हे सॉफ्टवेअर असलेल्या टेबलावरच्या गॅल्वो (हलत्या आरशांनी झोत फिरवणाऱ्या) मशीनचं आहे, तेही फक्त काचेच्या कामापुरतं. वाइन ग्लासवर बारीक अक्षरांचा लोगो काढायला याच्याइतकं नेटकं साधन आज छोट्या दुकानाच्या आवाक्यात दुसरं नाही. पण त्यातून चांगलं काम काढायचं तर वॅटपेक्षा फोकस आणि रोटरी (ग्लास फिरवणारं जोडयंत्र) यांवरच लक्ष आणि पैसा घालावा लागतो.

फायबर लेझरची १०६४ नॅनोमीटरची किरणं पारदर्शक काचेतून सरळ निघून जातात. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरची १०.६ मायक्रॉनची ऊर्जा काच वरच्या वर शोषते, तापते आणि तडकते. म्हणून सीओटूच्या ठशाला बोट लावलं की खरखर लागते, बारीक अक्षरांच्या कडेचे टवके उडालेले असतात. यूव्हीबद्दल मात्र एक गैरसमज आहे. साधी सोडा-लाइम काच ३५५ नॅनोमीटरचा प्रकाशही बराचसा आरपार जाऊ देते. ठसा उमटतो तो झोताच्या तीव्रतेमुळे. ४० किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४० हजार पल्स (प्रकाशाचे ठोके) असताना, ५ वॅट म्हणजे प्रत्येक पल्समध्ये १२५ मायक्रोज्यूल. पल्स १५ नॅनोसेकंदांची धरली तर त्या क्षणापुरती ८ किलोवॅटच्या आसपास शक्ती जेमतेम २० मायक्रॉनच्या ठिपक्यात एकवटते. फोकस थोडा सरकला की ठिपका पसरतो, तीव्रता उतरते आणि काचेवर काहीच उमटत नाही. सीओटूवर खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

गोल ग्लासवर हे लगेच दिसतं. ८० मिमी व्यासाच्या ग्लासवर २० मिमी रुंदीचा लोगो घेतला तर मध्य आणि कडा यांच्या उंचीत सुमारे १.३ मिमी फरक पडतो, ३० मिमीला २.९ मिमी आणि ४० मिमीला ५.४ मिमी. १५ मिमीपर्यंतचा लोगो ग्लास स्थिर ठेवून निघतो, त्यापुढे कडा फिक्या पडू लागतात. म्हणजे रोटरी हवीच, आणि ती चकवाली (ग्लास जबड्यांत धरणारी) हवी. रोलरवर हलका ग्लास घसरतो, दांड्याचा वाइन ग्लास तर बसतच नाही. ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर रोटरी तिरकी करून लोगोखालची भिंत आडव्या पातळीत आणावी. व्यास अंदाजाने भरू नये. लोगो जिथे येणार तिथे शिंप्याच्या टेपने परीघ मोजून ३.१४ ने भागावं. इझीकॅड लोगो पट्ट्यांत तोडून प्रत्येक पट्टीसाठी ग्लास थोडा फिरवतं; या पट्ट्या १ ते २ मिमी रुंद ठेवल्या की वक्रतेचा प्रश्न उरत नाही. पट्ट्यांच्या जोडावर रेघ दिसली तर बहुतेक वेळा रोटरीच्या मोटरला एका पूर्ण फेऱ्यासाठी लागणाऱ्या पल्सचा आकडा चुकलेला असतो. पूर्ण परिघाची एक रेघ मारून तिची टोकं जुळतात का, हे आधी बघावं.

सुरुवातीला ४० किलोहर्ट्झ, वेग ४०० मिमी प्रति सेकंद, हॅच (भरीव भागातल्या रेघांमधलं अंतर) ०.०३ मिमी, एकच फेरी ठेवावी. या वेगाला दोन ठिपक्यांत ०.०१ मिमी अंतर राहतं आणि ते एकमेकांवर चढतात. वेग १६०० केला की अंतर ०.०४ होतं, ठिपके सुटे पडतात आणि लोगो धुरकट दिसतो. हॅच ०.०१ करून जास्त पांढरेपणा मिळेल ही आशा फोल ठरते. उष्णता साचते आणि सीओटूसारखेच टवके उडतात. रेघा ९० अंशांत वळवून दुसरी फेरी मारल्यानेही तेच होतं. वेळेचा हिशोब सोपा आहे: २५×२५ मिमीचा भरीव चौकोन ०.०३ हॅचने म्हणजे सुमारे २०,८०० मिमी रेघ, म्हणजे ५२ सेकंद, वर एका रेघेवरून दुसरीवर जाणाऱ्या उड्यांचा वेळ. भरीव लोगो बाह्यरेषेत बदलून घेतला तर दिवसाचा माल कितीतरी वाढतो.

सर्वांत जास्त माल वाया जातो तो दुहेरी ठशामुळे. बाहेरच्या बाजूला ठसा उमटवून उरलेला झोत भिंतीच्या आतल्या बाजूलाही खूण करतो आणि लोगोला सावली पडल्यासारखी दिसते. त्यावर उपाय म्हणजे फोकस बाहेरच्या पृष्ठभागाच्या अर्धा मिमी वर धरायचा, म्हणजे काचेत शिरेपर्यंत झोत पसरू लागतो. रेघेची सुरुवात तुटक येत असेल तर काचेवर बोटांचं तेल असू शकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच ग्लास चकमध्ये धरावा.

टफन्ड (प्रक्रिया करून कडक केलेले) ग्लास घेऊच नयेत. त्यांच्या पृष्ठभागावरचा ताण बिघडला तर ग्लास तिथेच किंवा नंतर गिऱ्हाइकाच्या हातात फुटू शकतो. काठापासून किमान १० मिमी सोडावं. काम झाल्यावर साबणाच्या पाण्यात नायलॉन ब्रशने धुवावं, कारण खाचांत काचेची भुकटी असते. तपासणी कोरड्या ग्लासवर, काळ्या कापडासमोर करावी. खाचांत पाणी भरलं की ठसा फिका दिसतो, थंड बिअरच्या ग्लासवरही तसंच होतं. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं. नाशिकच्या वायनरींसाठी टेस्टिंग ग्लास करणाऱ्यांना तर हे ठाऊक हवंच.

मशीन सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं तापू द्यावं. यूव्ही प्रकाश तयार करणाऱ्या आतल्या क्रिस्टलचं तापमान स्थिर होईपर्यंत शक्ती वरखाली होते. लेझर गार ठेवणारं पाण्याचं चिलर असेल तर कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ते २० अंशांवर ठेवू नये, लेझरवर दव धरतं. चष्मा ३५५ नॅनोमीटरसाठीचाच हवा, फायबर लेझरचा चालत नाही. धूर ओढणारा पंखाही हवा, काचेची धूळ फुप्फुसांत जाते.

मोठा पांढराशुभ्र भरीव पट्टा किंवा बोटाला लागेल अशी खोली हवी असेल तर सँडब्लास्टिंगच करावं, यूव्ही तिथे कमी पडतं. विकत घेण्याआधी विक्रेत्याला आपला ग्लास आणि ३ मिमी उंचीची देवनागरी अक्षरं देऊन नमुना मागावा. अनुस्वार आणि रफार भिंगाखाली स्वच्छ दिसले आणि आतल्या बाजूला खूण नसली, तरच पैसे द्यावेत.