फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर: चंदेरीसाठी घेतला, कामाला आली काळी बाजू

११० सेंटिमीटरचा हा रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड वळवायची घडीची गोल चकती, पोर्ट्रेटसाठी घेऊन बरेच महिने झाले. आत उजेड मऊ करणारा पातळ पडदा (डिफ्यूझर), त्यावर चंदेरी, सोनेरी, पांढऱ्या आणि काळ्या बाजूंचं कव्हर, असे पाच प्रकार एकात. घेताना चंदेरी बाजूच डोक्यात होती. आता पिशवीतून काढला की आधी काळी बाजू वर येते.

पांढऱ्या भिंतींच्या खोलीत खिडकीशेजारी कुणाला बसवलं, की उजेड समोरच्या भिंतीवरून परत येतो आणि सावलीतला गालही उजळून टाकतो. चेहरा सपाट दिसतो. त्या गालापासून हातभर अंतरावर काळी बाजू उभी केली की परतीचा उजेड अडतो आणि जबड्याची रेघ उठून दिसते. स्पॉट मीटरिंगने, म्हणजे कॅमेऱ्यात फक्त एका छोट्या ठिपक्याचा उजेड मोजून, दोन्ही गाल तपासून बघा. माझ्याकडे एरवी जेमतेम एका स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक पडतो, काळ्या बाजूने तो दोनाच्या आसपास जातो. म्हणजे दोन गालांवरच्या उजेडाचं २:१ चं गुणोत्तर ४:१ होतं. सावलीतल्या गालावर डोळ्याखाली पडणारा उजेडाचा त्रिकोण, ज्याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात, मिळतो तो चेहरा खिडकीपासून थोडा वळवल्यावरच. काळी बाजू त्याला नुसता उठाव देते. केस काळे आणि पार्श्वभूमीही गडद असेल तर मात्र जपून, डोक्याची कडच हरवते.

पांढरी बाजू सौम्य आणि भरवशाची. फक्त मांडीवर आडवी ठेवू नका, खालून आलेल्या उजेडाने माणूस भुतासारखा दिसतो. छातीच्या उंचीवर, बाजूने धरा. चंदेरी बाहेर उन्हात जोरदार चालते, पण समोरचा डोळे मिचकावतो. सोनेरी मी वापरणं सोडलं. फक्त सावलीचा भाग पिवळा पडतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटा दुरुस्त करायची सेटिंग) बदलूनही चेहऱ्याचे दोन रंग एक होत नाहीत.

आतला डिफ्यूझर भर दुपारी खरा उपयोगी. नाकाखालची धारदार सावली विरघळते, पण चेहऱ्यावरचा उजेड एक-दीड स्टॉपने उतरतो आणि मागचं ऊन भगभगीत होतं. मागे झाडाची सावली शोधावी लागते.

तक्रारी दोन. वाऱ्यात तो शिडासारखा ओढतो, धरायला दुसरं माणूस हवंच. आणि कव्हरची चेन आताच अडकायला लागलीय. घडी घालणं कठीण वाटतं तेवढं नाही: कडा आठाच्या आकड्यासारखी पिळली की वर्तुळ आपोआप एक तृतीयांश होतं.

फक्त घरातच, खिडकीच्या उजेडात फोटो काढणार असाल तर हा घ्यायची गरज नाही. चमक नसलेलं जाड काळं कापड खुर्चीच्या पाठीवर टाका, तेवढंच काम होतं.