मोमोत काय भरावं, वॉन्टनमध्ये काय? बेळगावच्या स्वयंपाकघरातून

सासूबाईंनी आमच्या घरचे मोमो पहिल्यांदा बघितले तेव्हा म्हणाल्या, "मोदकच की हे! कळ्या तेवढ्या वाकड्या." खरंच आहे. पारी लाटणं, मुरड घालणं, उकडणं, यातलं आपल्याला काहीच नवं नाही. अडतं ते सारणापाशी.

सारण ठरवण्याआधी उकडणार, सूपात सोडणार की तळणार ते ठरवा. मोमोची पारी नुसत्या मैद्याची, गोल, मध्ये जराशी जाड असते, थोडा ओलावा सांभाळून घेते. वॉन्टन हे मोमोचं चिनी भावंड, सूपात सोडतात नाहीतर तळतात. त्याची पारी चौकोनी आणि फार पातळ, बहुतेक वेळा अंडं घालून मळलेली. तिच्यात पाणचट सारण भरलं की ताटातच तळ फाटतो. पाव किलो मैद्यात मोमोच्या तीसेक पाऱ्या होतात, तेवढ्याला पाव किलो सारण पुरतं.

उकडायचं असेल तर माझं मत चिकन खिम्याला. छातीच्या मांसापेक्षा तंगडीचं घ्या, त्याला चरबी असते. कांद्याची पात, आलं, सोया सॉस, चमचाभर तिळाचं तेल घाला आणि एकाच दिशेनं ढवळत दोन-तीन चमचे पाणी थोडं थोडं जिरवा. खिमा चिकट होऊन चमच्याला धरून राहायला लागला की झालं. दहा-बारा मिनिटं उकडल्यावर चावताक्षणी आतून रस येतो तो या पाण्याचाच.

कोबीचं बरोबर उलटं. मांसाला पाणी पाजायचं, कोबीचं काढायचं. बारीक चिरून अर्धा चमचा मीठ चोळा, पंधरा मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळा. वाटीभर कोबीतून निघणारं पाणी बघून धडकी भरते. मी एकदा आळस केला. पाऱ्या चाळणीला चिकटल्या, उचलायला गेले तर सारण खाली आणि टोपी हातात. शिवाय नुसता कोबी मिळमिळीत लागतो. थंडीत मटार भरड वाटून, परतून त्यात मिसळा, वर भरपूर मिरी. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या घरात चिकनला हाच पर्याय धरा. पनीर मुलं आवडीनं खातात, पण मला विचाराल तर ते सारण वाढवायलाच ठीक, चव दुसऱ्याकडूनच आणावी लागते.

तळायचं असेल तर मात्र मी चिकन बाजूला ठेवून रताळं घेईन. आपल्या बेळगाव भागात एवढी रताळी पिकतात आणि आपण ती उपासापुरतीच आणतो! पाण्यात उकडू नका, वाफवा किंवा भाजा, म्हणजे कोरडी राहतात. कुस्करून त्यात शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी, मीठ, लिंबू. बाहेर पारीचा कुरकुरीतपणा आणि आत गोड-तिखट मऊ रताळं. बटाटा घातलात तर तो समोसा होतो, वॉन्टन कशाला करायचा? हेच सारण मोमोत भरू नका, मऊत मऊ जातं. सूपात तर अजिबात नको, एक जरी फुटला तरी सगळं सूप गढूळ.

सूपासाठी कोळंबी. चीनच्या ग्वांगडोंगकडच्या वॉन्टनमध्ये कोळंबी आणि डुकराचं मांस असतं. आपल्याकडे नुसती कोळंबी चालते, निम्मी वाटलेली, निम्मी तुकड्यांची. गोवा-कारवारकडची ताजी मिळाली तरच करा. मशरूमचं सारण तिच्या खालोखाल, पण कढईत त्याचं पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायला हवं. पावसाळ्यात खानापूरकडची रानातली अळंबी मिळाली तर चव कितीतरी वरची, फक्त ती ओळखणाऱ्याच्याच हातची घ्या.

आता कुंदा, आपली बेळगावची दूध आटवून केलेली मिठाई. पाहुण्यांना चकित करायचं म्हणून मी कुंदा भरून वॉन्टन तळले. कडेला एक फट राहिली, साखर तेलात उतरली, तेल काळं आणि घरभर जळक्या दुधाचा वास. दुसऱ्या खेपेला कुंद्यात भाजलेलं सुकं खोबरं मिसळलं, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला, पारीत अर्धाच चमचा घातला आणि मध्यम आचेवर तळले. छान झाले. तरी माणशी दोनच, तिसरा जात नाही. गोड म्हणून शेवटी ठेवा, मुख्य बेत यावर नको.

पहिल्यांदाच करत असाल आणि खाणारे मिश्र असतील, तर चिकनचे मोमो आणि रताळ्याचे वॉन्टन अशी जोडी घ्या. दोन्ही सारणं आदल्या रात्री करून ठेवता येतात, पाऱ्या मात्र भरून ठेवू नका, तळाला ओल धरतात. भरण्याआधी खिम्याची चमचाभर टिकली तव्यावर भाजून मीठ बघा, कच्चं सारण चाखता येत नाही. चटणीला संकेश्वरी मिरची तिखटपणासाठी दोन, ब्याडगी रंगासाठी पाच, सोबत लसूण आणि टोमॅटो. प्रमाण उलटं केलंत तर मुलं मोमो धुऊन खातात.